संपाच्या वर्षातला मालकंस

१९८२ हे साल मुंबईला कसं गेलं, ते लालबाग-परळमधल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. भोंगे थांबले. ऑगस्टमध्ये खुद्द पोलीसच रस्त्यावर उतरले आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. गिरणसंप मागे घेतल्याची रीतसर घोषणा तर कधी झालीच नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही.

त्याच वर्षी, त्याच शहरात, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे एक वादक तीन जपानी यंत्रं वायरींनी एकमेकांना जोडून यमन, तोडी, मालकंस वाजवत होते. खाली डिस्कोचा ठेका. तबला नाही, तानपुरा नाही, गायक नाही. वादकाचं नाव चरणजित सिंग, आणि रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. काढली होती एचएमव्हीने, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने. संपाचा आणि या रेकॉर्डचा काही संबंध होता असा दावा मी करणार नाही. तिच्यात गाणंच नाही, तर संपाचा मागमूस येणार कुठून? पण त्या वर्षाच्या आवाजात भोंग्यांच्या शांततेइतकाच हाही एक आवाज होता, आणि तो कुणी ऐकला नाही, एवढं खरं.

रेकॉर्ड विकली गेली नाही, विसरली गेली. २००२ साली एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत जुन्या रेकॉर्डींमध्ये सापडली. त्याने २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलतर्फे ती पुन्हा काढली, आणि युरोपातल्या डान्स म्युझिकच्या जाणकारांनी डोक्याला हात लावला. कारण त्यांच्या कानांना हे संगीत ओळखीचं होतं. त्याला ते ‘ॲसिड हाऊस’ म्हणत. फक्त ॲसिड हाऊस जन्मलं शिकागोत, आणि त्याची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड, फ्यूचर या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’, बाजारात आली १९८७ साली. मग मुंबईचा हा गृहस्थ पाच वर्षं आधी तिथे पोचला कसा? ही आजच्याच कुणीतरी केलेली बनवाबनवी आहे, असा संशय बऱ्याच जणांनी तेव्हा उघडपणे घेतला.

बनवाबनवी नव्हती. आणि खरं उत्तर त्या संशयाहून जास्त चक्रावणारं आहे.

चरणजित सिंग यांचा जन्म १९४० चा. बास गिटार, स्लाइड गिटार, ट्रान्झिकॉर्ड अशी वाद्यं वाजवत त्यांनी शंकर-जयकिशन, दोघे बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे वर्षानुवर्षं काम केलं. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवर चालणारं, गळ्यात अडकवायचं अकॉर्डियन. ‘दम मारो दम’मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचाच. अशा वादकांची नावं तेव्हा रेकॉर्डवर येत नसत. पण बाजारात नवं वाद्य आलं की ते आधी त्यांच्या हाती पडे, कारण संगीतकाराला रोज काहीतरी न ऐकलेलं हवं असे. सिंग यांनी आपली नवी यंत्रं सिंगापुरात घेतली. ‘कुर्बानी’ १९८० चा, नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’ १९८१ चं, आणि १९८२ च्या डिसेंबरात तर ‘डिस्को डान्सर’च आला. ज्याला त्याला डिस्को हवा होता. सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेला विचार अगदी साधा आहे: सिनेमात इतका डिस्को चाललाच आहे तर त्याच ठेक्यावर वेगळं काही करू, राग वाजवू, तबला बंद ठेवू.

आता ती तीन यंत्रं. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी जादू यांच्या पोटात आहे. तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची.

पहिलं ज्युपिटर-८. पट्ट्यांचा मोठा सिंथेसायझर, १९८१ मध्ये आलेला, महागडा. एका वेळी आठ सूर वाजवू शकणारा. रेकॉर्डवर तुम्हाला ज्या ताना आणि रागाची जी चाल ऐकू येते ती सिंग यांनी हाताने यावर वाजवली आहे.

दुसरं टीआर-८०८, ठेक्याचं यंत्र. १९८० ते १९८३ एवढीच वर्षं ते बनलं, एकूण बारा हजारांच्या आसपास. खऱ्या ड्रमसारखा त्याचा आवाज नव्हताच, आणि म्हणून विकत घेणारे नाराज होते. पण १९८२ मध्येच मार्व्हिन गेचं ‘सेक्शुअल हीलिंग’ आणि आफ्रिका बंबाटाचं ‘प्लॅनेट रॉक’ याच यंत्रावर उभं राहिलं. त्याच्या झांजांची ती सळसळ आहे ना, तिची गोष्ट मला फार आवडते. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्या आवाजासाठी कारखान्यांनी बाद ठरवलेले, सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, पुरेसा बिघडलेला माल मिळेना, आणि ८०८ बंद करावं लागलं.

तिसरं टीबी-३०३. हे या कथेचं मुख्य पात्र. चांदीच्या रंगाचा एक लहानसा प्लास्टिकचा डबा, तादाओ किकुमोतो यांनी रचलेला, १९८१ च्या शेवटाला आलेला. हेतू असा की एकट्या गिटारवाल्याला साथीला बास वाजवणारा माणूस लागू नये. हेतू सपशेल फसला. एक तर आवाज बास गिटारसारखा मुळीच नाही. दुसरं म्हणजे त्यात सूर भरण्याची पद्धत विलक्षण किचकट. आधी सगळे सूर ओळीने घालायचे, मग सुरुवातीला येऊन त्यांचा काळ वेगळा घालायचा. पहिल्या भागात लय विसरायची आणि दुसऱ्यात सूर विसरायचे. साहजिकच १९८४ पर्यंत कंपनीने तो बंद केला. बनले होते दहाएक हजार.

या डब्यात होतं काय? करवतीच्या दात्यांसारख्या आकाराची एक विद्युत्-लहर. अशा लहरीत मूळ सुराबरोबर त्याचे सगळे स्वयंभू सूर असतात: दुप्पट कंपनांचा, तिप्पट, चौपट, असे वर वर जाणारे. मग येतो फिल्टर. तो वरचे सूर छाटतो, आणि कुठून पुढे छाटायचं ते एका गोल बटणाने ठरतं. दुसरं बटण त्या छाटणीच्या जागेवरचेच सूर फुगवतं. पहिलं बटण सावकाश फिरवलं की मूळ सूर जागचा हलत नाही, पण त्याच्या पोटातले स्वयंभू सूर एकामागून एक उजळत जातात. स्वतःच्या गळ्यावर करून पाहा. एकच सूर धरा आणि ‘ऊ’ वरून ‘आ’ वर, ‘आ’ वरून ‘ई’ वर हळूहळू या. सूर तोच, रंग बदलला. ३०३ चा तो सुप्रसिद्ध ओलसर, चिरकणारा आवाज म्हणजे तोंड नसलेल्या यंत्राने केलेले स्वर आहेत.

आणि तानपुरा? मिरजेच्या कारागिराकडे जाऊन पाहिलंत तर तो घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावताना दिसेल. दोरा केसभर पुढे-मागे झाला की तारेचा मूळ सूर तोच राहतो, पण तिच्यातले वरचे सूर फुलतात किंवा मावळतात. गंधार न छेडता तानपुऱ्यातून गंधार ऐकू येतो तो असा. फिल्टरचं बटण आणि जवारीचा दोरा यांची रचना सर्वस्वी वेगळी आहे, एक विजेचं, एक लाकूड-हाडाचं, पण दोघांचं काम एका जातीचं: मूळ सुराला हात न लावता त्याच्या आतला प्रकाश हलवणं.

साम्य इथे संपत नाही. ३०३ एका वेळी एकच सूर काढू शकतो. पाश्चात्त्य पॉप गाणं पुढे सरकतं ते कॉर्ड बदलत, म्हणजे सुरांचे झुबके बदलत, आणि त्याला एकसुरी यंत्र अपुरं पडतं. रागाला कॉर्ड लागतच नाही. षड्ज एकदा ठेवला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, आणि त्याच्याशी नातं सांगत एकेक सूर येतो-जातो. शिवाय सिंग यांनी निवडलेल्या दहा रागांपैकी भूप, मालकंस, कलावती आणि बैरागी हे औडव, म्हणजे पाचच सुरांचे. थोडे सूर घ्यायचे आणि तेच उलटसुलट फिरवत राहायचे: ३०३ ला याहून सोपं काही नाही, आणि दुसरं फारसं काही येतही नाही.

त्या डब्यात सोळा घरांची ओळ असते. घरात सूर भरायचा किंवा घर रिकामं ठेवायचं. कुठल्याही घरावर जोर देता येतो, आणि एका घरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची सोय आहे. घसरण म्हटल्यावर मींड आठवणारच, पण इथे मला हात आखडता घ्यावासा वाटतो. ३०३ ची घसरण नेहमी तेवढ्याच वेळाची असते, क्षणाच्या एका तुकड्याएवढी. मींडेत किती रेंगाळायचं हे गवई ठरवतो, किंबहुना तिथेच तो गवई ठरतो. भैरवातला ऋषभ आंदोलित हवा. यंत्राला कोमल ऋषभ ठाऊक आहे, आंदोलन नाही. सोळा घरं आणि तीनतालाच्या सोळा मात्रा हाही नुसता आकड्यांचा योगायोग. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, हात हवेत जातो, तालाला श्वास मिळतो. डिस्कोचा ढोल प्रत्येक ठोक्याला तसाच पडतो, त्याच्याकडे खाली नाही.

मग हे राग आहेत का? सुरांच्या हिशेबाने आहेत. ललतात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम आहेत, मालकंसात ऋषभ-पंचम नाहीत, चलनही बऱ्यापैकी सांभाळलं आहे. विस्ताराच्या हिशेबाने नाहीत. आलाप जवळपास नाही, लय वाढत नाही, काही मिनिटांत तुकडा संपतो. घराण्याच्या गायकीवर वाढलेल्या कानाला हे उथळ वाटेल, आणि ती तक्रार रास्त आहे. मला वाटतं सिंग यांनी रागाचा सांगाडा घेतला, आणि तो सांगाडाच किती मजबूत आहे हे चुकून दाखवून दिलं. त्यावरचं मांस काढून घेतलं, तबला-तानपुऱ्याचा साज उतरवला, वर परदेशी ठेका चढवला, तरी मालकंस हा मालकंस म्हणून ओळखू येतो.

तिन्ही यंत्रं एकत्र चालवणं हीसुद्धा तेव्हा कसरत होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली ‘मिडी’ ही भाषा जगापुढे आली १९८३ मध्ये. त्याआधी रोलँडची यंत्रं एका केबलमधून विजेचे ठोके पाठवत. ८०८ ठोका देई, ३०३ त्या ठोक्यावर एकेक घर पुढे सरके. ज्युपिटरलाही असा ठोका बाहेरून देता येई.

आता शिकागो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तीन तरुणांच्या हाती जुना ३०३ आला. त्यांनी तो बास म्हणून वाजवायच्या भानगडीत न पडता एकच ओळ चालू ठेवली आणि बटणं फिरवत राहिले. ते ध्वनिमुद्रण रॉन हार्डी या डीजेने आपल्या ‘म्युझिक बॉक्स’ क्लबात वाजवलं, आणि तिथून एक संगीतप्रकार निघाला जो पुढे इंग्लंडातल्या तरुणाईला वेड लावून गेला. या तिघांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली असण्याचा प्रश्नच नाही. ती मुंबईतच कुणी ऐकली नव्हती.

म्हणून ‘ॲसिड हाऊसचा शोध भारतीयाने लावला’ ही जी टाळ्या घेणारी वाक्यं अधूनमधून छापली जातात, ती मला पटत नाहीत. ज्याची पुढे परंपरा झाली नाही, त्याला जनक कसं म्हणायचं? शिवाय ३०३ वापरणारे सिंग एकटे नव्हते. ब्रिटनमध्ये हेव्हन सेव्हन्टीनने १९८२ मध्येच तो वापरला, आणि ऑरेंज ज्यूसचं त्यावरचं ‘रिप इट अप’ १९८३ मध्ये तिथल्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण त्यांच्याकडे तो गाण्याच्या मागे राहिला. तो पुढे आला दोन ठिकाणी, मुंबईत आणि शिकागोत, आणि दोन्हीकडे कारण एकच: संगीताने कॉर्ड सोडून दिली होती. शिकागोवाल्यांनी ती नाचासाठी सोडली, आणि सिंग यांच्या संगीताकडे ती मुळात नव्हतीच. यंत्राला जे जमत होतं तेवढंच त्याच्याकडून मागणारे दोन समूह पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांना न ओळखता, एकाच आवाजापाशी पोचले. मला यापुढे ‘पहिला कोण’ हा वाद अगदीच किरकोळ वाटतो.

रेकॉर्ड का पडली, याचं उत्तर मात्र नवलाचं नाही. सिनेमा नाही, गाणारा नाही. डिस्को ऐकणाऱ्याला राग नको होता आणि राग ऐकणाऱ्याला डिस्को म्हणजे कलियुग. त्यात बाजार एलपीकडून कॅसेटकडे पळत होता.

त्या सालाने अशी आणखीही माणसं गिळली. कोलकात्याच्या रूपा बिस्वास कॅनडातल्या कॅलगरीत गेल्या असताना तिथे त्यांनी सरोदवादक आशिष खान आणि स्थानिक जाझ वादकांबरोबर ‘डिस्को जाझ’ नावाची रेकॉर्ड केली. तीही १९८२ ची, तीही आपटली. ‘आज शनिबार’ हे तिच्यातलं आठवड्याच्या सुट्टीवरचं लांबलचक बंगाली गाणं आज जगभर वाजतं, आणि ‘न्यूमेरो ग्रुप’ने २०१९ मध्ये रेकॉर्ड पुन्हा काढली. माझ्या मते ती सिंग यांच्या रेकॉर्डहून जास्त आनंदी आणि कमी विचित्र आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता, आणि गीता साराभाईंसारख्यांनी त्यावर केलेले प्रयोग टेपांवर पडून राहिले. ते रेकॉर्डच्या रूपात लोकांपुढे आले २०२३ मध्ये. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्याकडे बाहेरून आणि उशिरा आलं, ही समजूत एकदाची सोडायला हरकत नाही. रोलँडचंच १९८५ चं एक यंत्र तुम्ही हमखास ऐकलं आहे: ऑक्टोपॅड. ऑर्केस्ट्रापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत ते असं रुजलं की त्याला कुणी परदेशी म्हणतसुद्धा नाही.

ज्या गिरण्या १९८२ मध्ये बंद पडल्या, त्यांतल्या कित्येकांच्या आवारात पुढे मॉल आणि क्लब उभे राहिले. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ‘ब्ल्यू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब सुरू झाला, आणि आसपासच्या आवारांत रात्री-रात्री हाऊस संगीत वाजू लागलं. शिकागोतही हे संगीत वाढलं ते कारखाने बंद पडत असलेल्या शहराच्या रिकाम्या गोदामांत. सिंग यांची रेकॉर्ड गिरण्यांच्या नव्हे, गिरण्यांनंतरच्या मुंबईची होती असं म्हणायचा मोह होतो. पण तो मोहच आहे. ती नेमकी १९८२ ची आहे, त्या वर्षी दुकानात जे यंत्र होतं आणि वादकाच्या बोटांत जे राग होते त्यांची.

चरणजित सिंग यांना दाद मिळाली ती सत्तरी उलटल्यावर. युरोपातल्या रंगमंचांवर ते या रचना पुन्हा वाजवू लागले, समोर नातवंडांच्या वयाचे श्रोते नाचत. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

रेकॉर्ड आता इंटरनेटवर सहज मिळते. सुरुवात भैरवाने करू नका, आंदोलनाची उणीव तिथे फार टोचते. आधी कलावती लावा, मग मालकंस, आणि कान सरावला की ललत. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, कारण ३०३ चा तळाचा सूर त्यातून येतच नाही आणि उरते ती नुसती चिरचिर. हेडफोन लावा, आणि ज्युपिटरच्या तानांकडे दुर्लक्ष करून पहिल्यांदा फक्त खालची ओळ ऐका.